लोणंदहून फोन आला की ओव्हन लाव

काल तुझा फोन आला तेव्हा मी मटार सोलत बसले होते आणि दारात दूधवाला उभा होता, म्हणून नीट बोलता आलं नाही. पण तुझा आवाज ऐकूनच मला कळलं, हिचं डोकं भणाणलंय. रविवारी पुण्याहून वन्सं येणार, त्यांचे मिस्टर, त्यांची दोन मुलं. घरात तुम्ही पाच जण. नवऱ्याची शनिवारी रात्रपाळी, म्हणजे तो सकाळी कंपनीतून येणार आणि दुपारपर्यंत झोपणार. आणि लेकीनं हट्ट धरलाय, आत्याच्या मुलांसाठी मोबाइलमध्ये बघितलेलं ते ओव्हनमधलं चिकनच करायचं. तू सासूबाईंना म्हणालीस, कॅसरोल करायचाय, तर त्यांनी चपात्यांचा डबा पुढं केला! त्यांचं काही चुकलं नाही गं. आपल्याकडं कॅसरोल म्हणजे चपात्या गरम ठेवायचा डबाच. परदेशात त्याच नावाचं खोल भांडं असतं, आणि त्यात थर लावून भाजलेल्या जेवणालाही तेच नाव. एवढं मात्र लक्षात ठेव, तो प्लॅस्टिकचा डबा चुकूनही ओव्हनमध्ये जाता कामा नये. लेक मदतीला येईल आणि कॅसरोल म्हटलं म्हणून तोच आत सरकवेल, तेव्हा तिला आधीच सांगून ठेव.

आता खाली बस आणि ऐक. हा पदार्थ तुला येतो. तुला वाटतंय नवीन आहे, पण त्यातलं तीन चतुर्थांश तू दर आठवड्याला करतेस.

त्याआधी मी या ट्रेच्या इतकी मागं का लागले आहे ते सांगते. आपल्याकडं रविवारी चिकन केलं की काय होतं, आठव. पहिल्या पंगतीला पुरुष आणि पाहुणे, मग पोरं. तू तव्यासमोर. भाकरी गरमच हवी, थंड कुणाला चालत नाही, म्हणून एक थापायची, एक फुगवायची, एक वाढायची. तुझी पाळी येते तेव्हा अडीच वाजलेले असतात आणि पातेल्यात रस्सा असतो. माझी आई तर ताट घ्यायचीच नाही. पातेल्यातच भाकरी कुस्करायची, कडेला लागलेला मसाला बोटानं पुसून घ्यायची आणि म्हणायची, "मला बाई रस्साच आवडतो." मी ते खरं मानलं. लग्न झाल्यावर ती एकदा माझ्याकडं राहायला आली, तेव्हा मी तिला पहिल्यांदा वाढलं आणि लेगपीस तिच्या ताटात घातला. ती काही बोलली नाही. सावकाश, एकेक धागा सोडवत खाल्लं तिनं, आणि हाड इतकं स्वच्छ करून ताटाच्या कडेला ठेवलं, की मला स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसावे लागले. खरं सांगू का, त्या दिवसापासून मला जेवणाचं एकच माप कळतं. जी रांधते तिला वाटणी मिळाली का?

आणि इथंच हा ट्रे उपयोगाला येतो बघ. तो ओव्हनमध्ये गेला की तुझे हात मोकळे. भाकरी नाही, फोडणी नाही, शेवटच्या घडीची धावपळ नाही. बाहेर आला की नऊ तुकडे पाडायचे आणि नऊ जणांनी एकदम बसायचं. तुकडे मोजून पाडलेले असतात, त्यामुळं तुझ्या वाट्याला नुसता रस्सा येत नाही.

सासूबाई म्हणाल्या म्हणे, अमेरिकन खाणं फलटणात कशाला? त्यांना प्रेमानं आठवण करून दे. आपल्या गावातल्या कमला निंबकर बालभवनाला ज्यांचं नाव आहे, त्या कमलाबाई मूळच्या अमेरिकन. एलिझाबेथ लंडी त्यांचं माहेरचं नाव. निंबकरांशी लग्न करून त्या इकडं आल्या, आणि मुंबईत के.ई.एम. रुग्णालयात १९५० साली व्यवसायोपचाराची देशातली पहिली शाळा त्यांनी सुरू केली. ते बालभवन ज्यांनी उभं केलं त्या मॅक्सीनताई बर्नसनही अमेरिकेतल्याच. फलटणच्या बोलीचा अभ्यास करायला आल्या आणि इथल्याच झाल्या, नागरिकत्वसुद्धा भारताचं घेतलं. इतकी मोठी माणसं आपल्याकडं रुळली, तर चिकनचा एक ट्रे रुळायला काय हरकत आहे?

आता कामाचं बोलू. नऊ जणांना दीड किलो चिकन आण, हाडासकट, कातडी काढून. गावरान आणू नकोस. गावरान कोंबडी रश्श्याला सोन्यासारखी, पण शिजायला तास-दीड तास घेते आणि तिचे धागे सासऱ्यांच्या कवळीला चावायचे नाहीत. ब्रॉयलरच आण. नुसतं बोनलेसही नको, त्यातला छातीचा भाग भाजला की कोरडा पडतो, शिवाय हाडाशिवाय अळणीला चव येत नाही. घरी आणल्यावर नळाखाली धबाधबा धुऊ नकोस. त्या पाण्याचे शिंतोडे ओट्यावर, कोशिंबिरीच्या काकडीवर जातात आणि कच्च्या चिकनमधले जंतू तिथं बसतात. पातेल्यात हलक्या हातानं धू, आणि मग हात, विळी, पाट सगळं साबणानं धुऊन काढ.

शनिवारी संध्याकाळी अळणी कर. हो, तेच आपलं अळणी, मसाला घालायच्या आधी पोरांसाठी वाटीत काढतेस ते. थोड्या तेलावर एक कांदा, भरपूर आलं-लसूण, हळद, मीठ. त्यावर चिकन परतायचं, झाकणावर पाणी ठेवून आधी अंगच्या पाण्यात वाफवायचं, मग झाकणावरचं तेच गरम पाणी आत घालून वीस-पंचवीस मिनिटं शिजवायचं. हाडापासून मांस सहज सुटलं की झालं. थोडं निवल्यावर हातानं मोकळं कर आणि बारीक हाडं बोटांनी चाचपून काढ. हे काम कुणावर सोपवू नकोस. बरगडीची सुईसारखी हाडं असतात, ती पोरांच्या घशात जायला नकोत. मांस एका पसरट डब्यात, अळणी गाळून दुसऱ्यात, आणि दोन तासांच्या आत दोन्ही फ्रिजमध्ये. रात्रभर ओट्यावर ठेवायचं नाही, थंडीचे दिवस असले तरी नाही. बघ, एवढं झालं की रविवारचं अर्धं ओझं उतरलं.

आता पांढरा सॉस. याच्या नावानंच तू घाबरली आहेस, पण आपलं पिठलं करतो त्याच्यापेक्षा हे सोपं आहे. अमेरिकेत बायका बहुतेक वेळा मशरूमच्या घट्ट सुपाचा डबा फोडून ओततात. कॅम्पबेल कंपनीच्या स्वयंपाकघरात डॉर्कस रायली या बाईंनी १९५५ साली घेवड्याच्या शेंगांचा असा एक पदार्थ बसवला होता, तो तिथं अजून सणाला होतो. आपल्याला डब्याची गरज नाही. फलटण म्हणजे दुधाचं गाव, घरोघरी गाई, गोविंदसारखी डेअरी इथलीच. जाड बुडाच्या कढईत पाच चमचे लोणी वितळव, पोह्याच्या चमच्यानं. त्यात पाच चमचे मैदा घालून मंद आचेवर दोन मिनिटं परत. कच्चा वास जायला हवा, रंग मात्र बदलता कामा नये. मग गॅस बारीक ठेवूनच अडीच कप दूध आणि दीड कप अळणी, थोडं थोडं, रवीनं घुसळत घुसळत. सगळं एकदम ओतलंस की गुठळ्या झाल्याच म्हणून समज. झाल्या तरी रडत बसायचं नाही, पुरणाच्या चाळणीतून गाळून घ्यायचं. चमच्याच्या पाठीवर थर धरला आणि त्यावर बोटानं ओढलेली रेघ तशीच राहिली की सॉस झाला. मिरपूड, चवीपुरतं मीठ. अळणीत मीठ आहे आणि चीजमध्येही आहे, हे विसरू नकोस.

तुझी खरी काळजी मला माहीत आहे. सासूबाई मांसात दूध घालू देणार नाहीत. माझ्या सासूबाईही देत नव्हत्या, आणि मी त्यांच्याशी वाद घालून एक अख्खा रविवार कडू केला. वाद घालायला नको होता. त्यांनी आयुष्यभर जे पाळलं ते आपण एका जेवणासाठी का मोडायला सांगायचं? कोल्हापूरकडचा पांढरा रस्सा आठव. नारळाचं दूध, काजू आणि खसखशीचं वाटण. तेच इथं वापर. दोन नारळांचं घट्ट दूध काढ, आठ-दहा काजू आणि चमचाभर भिजवलेली खसखस बारीक वाटून त्यात मिसळ, दीड कप अळणी घाल आणि मंद आचेवर दाट होईपर्यंत हलव. उकळी फुटू देऊ नकोस, नारळाचं दूध फाटतं. दाटपणा कमी वाटला तर दोन चमचे तांदळाचं पीठ गार पाण्यात कालवून लाव. चीज वरून घालायचं की नाही ते त्यांनाच विचार. मी केलं तसं, आणि त्या दिवशी त्यांनी मागून दुसऱ्यांदा घेतलं. पुण्याहून आलेल्या वन्संना तर ही चव जास्त आवडेल असं मला वाटतं, कारण तिकडं दुधाचा सॉस त्यांनी दहा ठिकाणी खाल्लेला असणार.

खाली भात हवा. इंद्रायणीचा कर, दोन वाट्यांचा. तो थोडा चिकटतो आणि त्यामुळं तुकडा सरळ निघतो. बासमती मोकळा राहतो आणि वाढताना ढासळतो. भात पूर्ण शिजवू नकोस, कणी राहू दे, कारण सॉसचं पाणी तो पिणार आहे. भाज्यांत मटार सध्या गोड आणि स्वस्त आहेत, ते वाटीभर घे, दोन गाजरं, एक ढोबळी मिरची, दोन कांदे. सगळं तेलावर परतून पाणी आटवूनच घालायचं. मी पहिल्यांदा केला तेव्हा भाज्या कच्च्याच घातल्या होत्या. ट्रे कापला आणि सगळीकडून पाणी सुटलं, भाताची पेज झाली. लेकरांनी मुकाट्यानं खाल्लं, पण त्यांचे चेहरे मी बघितले. तू ते करू नकोस.

परतलेल्या भाजीत मोकळं केलेलं चिकन घाल आणि इथं दोन वाटे कर. मुलांचा वाटा तसाच ठेव. मोठ्यांच्या वाट्यात दीड चमचा घरचा कांदा-लसूण मसाला घालून परत. त्याशिवाय तुझ्या घरातले पुरुष म्हणणार, आजाऱ्याचं जेवण आहे. मसाला सॉसमध्ये नाही, चिकनमध्येच घालायचा, म्हणजे वर पांढरं आणि आत तांबूस असं दिसतं. मोठ्यांचा मोठा ट्रे आणि मुलांचा केकचा गोल डबा, दोन्हींना लोणी फासून थर लाव. भात, चिकन, सॉस, किसलेलं चीज.

सगळ्यात वर जे घालायचं ते मात्र तुझ्या डोक्यातल्या व्हिडिओसारखं नको. विकतचा पावाचा चुरा आणू नकोस. शनिवारची उरलेली ज्वारीची भाकरी घे, कडक झालेली. हातानं कुस्कर, मिक्सरला एकदाच फिरव, चमचाभर लोण्यात आणि चिमूटभर तिळात परत. ओव्हनमध्ये ती अशी खुटखुटीत होते की खालच्या मऊ भाताबरोबर प्रत्येक घासाला कुरकुर लागते, आणि भाकरीशिवाय जेवण नाही म्हणणाऱ्या सासऱ्यांना ताटात भाकरीही मिळते.

भांड्याचं नीट ऐक गं, यात मी फार पस्तावले आहे. माझ्याकडं लग्नात आलेला काचेचा मोठा ट्रे होता. सकाळी भरून फ्रिजमध्ये ठेवला आणि दुपारी पाहुणे यायच्या वेळी तसाच गारेगार, तापलेल्या ओव्हनमध्ये सरकवला. पाच मिनिटांत आतून फट्‌कन आवाज आला. दार उघडून बघते तर ट्रेला आरपार तडा आणि सॉस खालच्या सळईवर जळतोय. नुसता तडा होता, वरचं जेवण चांगलं दिसत होतं, आणि एक क्षण माझ्या मनात आलं, वरवरचं काढून वाढावं. देवानं बुद्धी दिली आणि मी सगळं टाकलं. काचेची कणी भातात दिसत नाही. त्या दिवशी पाहुण्यांना पिठलं-भात वाढला, आणि त्यांनी तो आनंदानं खाल्ला, हेही तुला सांगायला हवं. तर काच गारेगार आत घालायची नाही. तू ॲल्युमिनियमचा किंवा स्टीलचा ट्रे वापर, फ्रिजमधून थेट गेला तरी चालतो. ओव्हन आणि मायक्रोवेव्ह दोन्ही एकाच यंत्रात असेल तर बटण बघून घे, धातूचं भांडं कन्व्हेक्शनवरच चालतं, मायक्रोवर नाही.

तुझ्या छोट्या ओव्हनमध्ये दोन्ही भांडी मावणार नाहीत, ते मी धरूनच चालले आहे. मुलांचा डबा गॅसवर होईल. कुकरमध्ये केक करतो तसं. जाड कढईत मिठाचा थर, त्यावर स्टँड, झाकण लावून दहा मिनिटं तापू दे, मग डबा आत ठेव आणि बारीक आचेवर पस्तीस-चाळीस मिनिटं. वरून तेवढा तांबूस होणार नाही, पण पोरांना चीज वितळलेलं हवं असतं, रंग नाही. माझी आजी तर चुलीवर पातेलं ठेवून वरच्या झाकणात निखारे भरायची, वर-खाली विस्तव. ओव्हन म्हणजे तेच, फक्त बटणाचा. वीज गेली तर मोठा ट्रेही दोन पातेल्यांत वाटून असाच गॅसवर लाव. घाबरायचं नाही.

आता वेळेचं गणित. रविवारी सकाळी भात, सॉस, भाज्या. दहापर्यंत थर लावून दोन्ही भांडी फ्रिजमध्ये. मग अंघोळ कर, केस विंचर, साडी बदल. सासूबाईंना कोशिंबीर आणि लिंबाच्या फोडी सांग, त्यांना काम दिलेलं आवडतं. नवऱ्याला साडेअकराला उठव आणि पाट-पाणी त्याच्याकडं दे, रात्रपाळी केली म्हणून ताटं मांडता येत नाहीत असं नसतं. लेकीला मुलांच्या डब्यावर भाकरीचा चुरा पेरायला दे, तिचा हट्ट होता तर तिचा हातही लागू दे.

आणि वन्संना आजच सांगून ठेव, लोणंद सोडलं की फोन करा. तिथून फलटणला यायला पाऊण तास. सध्या उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर आहेत, त्यांच्या मागं अडकले तर तासही. फोन आला की ओव्हन १८० अंशांवर लाव आणि कढई गॅसवर ठेव. दहा मिनिटांनी दोन्ही भांडी आत. ट्रे फ्रिजमधून आलेला आहे, म्हणून चाळीस मिनिटं धर, शेवटची पाच मिनिटं फक्त वरची सळई. कडेनं सॉस बुडबुडायला लागला म्हणजे झालं असं नाही. सुरी मधोमध खुपसून काढ आणि तिचं टोक मनगटाला लावून बघ, चटका बसला पाहिजे. थर्मामीटर असेल तर मध्यभागी ७४ अंश. बाहेर काढल्यावर दहा मिनिटं हात लावायचा नाही. पोरं कितीही घिरट्या घालोत, नाही म्हणजे नाही. तेवढ्यात थर बसतात आणि तुकडा सुटा निघतो. पाहुण्यांनी हातपाय धुवायला तेवढा वेळ जातोच.

मग मोठ्या ट्रेचे सहा आणि डब्याचे तीन तुकडे पाड. मोठ्या ट्रेच्या चार कोपऱ्यांना भाकरी सर्वांत खरपूस होते. त्यातला एक कोपरा सासूबाईंना, एक वन्संना, एक नवऱ्याला. चौथा आधी तुझ्या ताटात काढ, ते ताट सगळ्यांच्या ओळीत मांड, आणि कुणी म्हणालं "तू बस नंतर, आधी आम्हाला वाढ", तर सांग, वाढायचं काही उरलेलंच नाही. रात्री मला फोन कर. नऊ वाजता, सीरियल संपल्यावर.